सायरनच्या भरवशावर गाडी ठोकू नका, सातारा-सांगलीच्या ॲम्ब्युलन्सवाल्या पोरांसाठी

ॲम्ब्युलन्सवर नवीन लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय, मग ते १०८ वर पायलट, म्हणजे ड्रायव्हर, असोत, दवाखान्याच्या गाडीवर असोत नाहीतर एखाद्या प्रायव्हेट मालकाकडं असोत, रस्ता सगळ्यांना तोच आहे. कराड, सातारा, मिरज या पट्ट्यात बरीच वर्षं गाडी चालवली, आता नव्या पोरांच्या शेजारी बसून त्यांना तयार करतो. पोरगं आधी टेम्पो चालवलेलं असतंय, ट्रक चालवलेलं असतंय, हात बसलेला असतोय, आणि तरी सायरनचं बटन दाबलं की त्याचा पाय आपोआप जड होतोय, हे मी जवळपास प्रत्येकात बघितलंय. म्हणून गाडी कशी चालवायची हे नाही सांगत बसत, ते तुम्हाला येतंय. ठोकाठोकी कशानं होते आणि ती कशी चुकवायची एवढंच सांगतो.

आधी मिनिटांचा हिशोब करा

समजा गाव दवाखान्यापासनं १५ किलोमीटर आहे. सरासरी ६० नं आलात तर १५ मिनिटं, ७५ नं आलात तर १२. म्हणजे सगळा जीव मुठीत घेऊन वाचली किती, तर तीन मिनिटं, ती पण सरासरी ७५ पडली तर, आणि आपल्या रस्त्यावर सरासरी ७५ पाडायची म्हणजे मधी मधी ९०-१०० ला जावं लागतंय कारण गाव आलं, स्पीड ब्रेकर आला, म्हशी आल्या की काटा परत २० वर. काट्यावर १०० दिसला म्हणजे लवकर पोचलो असं नसतंय.

अमेरिकेत यावर बरेच अभ्यास झालेत. तिथं सायरन-लाईट लावून वाचलेला वेळ ४२ सेकंदांपासून ३.८ मिनिटांपर्यंत निघालाय, त्याच्या वर फारसा नाही. आणि तिथल्याच २०१६ च्या नोंदींवरनं काढलेला आकडा असा, की पेशंट घेऊन दवाखान्याकडं जाताना सायरन-लाईट न लावता गेलेल्या एक लाख फेऱ्यांमागं ७ अपघात, आणि लावून गेलेल्या एक लाख फेऱ्यांमागं १६.५. दुपटीपेक्षा जास्त. पेशंटकडं जाताना मात्र फरक फार नव्हता, ४.६ आणि ५.४. तिथले रस्ते वेगळे, शिस्त वेगळी, आपल्याकडं आकडे काय निघतील ते निघतील, पण पेशंट गाडीत असताना ड्रायव्हरच्या डोक्यात काय होतं ते साताऱ्यात काय आणि तिकडं काय, सारखंच असणार. मागनं कण्हण्याचा आवाज येतोय, नातेवाईक रडतायत, आणि पुढं पाय दाबला जातोय.

माझं स्पष्ट मत आहे, वेळ दारात वाचतोय, रस्त्यावर नाही. फोन आला की गावातल्या कुणालातरी पाटीपाशी उभं करायला सांगा, वाड्या-वस्त्यांवर पत्ता शोधण्यात दहा-दहा मिनिटं जातात आणि ती दहा मिनिटं मग पोरं हायवेवर भरून काढायला बघतात. स्ट्रेचर आत जाईल का, बोळ किती रुंद आहे, गाडी आधीच उलटी करून लावायची का, हे उतरायच्या आधी बघा. निघताना दवाखान्यात फोन करून बेड आहे का, डॉक्टर आहेत का विचारायला ईएमटीला, म्हणजे मागं पेशंट बघणाऱ्या माणसाला, लावा. नाहीतर होतं काय, जतवरनं एवढं दामटत मिरजेला यायचं आणि तिथं गेटवर कळायचं की व्हेंटिलेटर रिकामा नाही, मग परत दुसरा दवाखाना. एका फोननं जेवढा वेळ वाचतोय तेवढा सगळ्या रस्त्यात शंभरनं पळवून पण वाचायचा नाही.

कायदा काय म्हणतोय ते नीट समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं ॲम्ब्युलन्सला सगळं माफ. तसं नाही. २०१७ चे जे मोटार वाहन ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आहेत त्यात इमर्जन्सीत असलेल्या गाडीला सिग्नल तोडायची, स्पीड लिमिट ओलांडायची, शोल्डरवरनं, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरनं, जायची, वन-वेत उलटं जायची मुभा आहे, पण ती पुरेशी काळजी घेऊनच, आणि खरंच जीव वाचवायची वेळ असेल तरच. इमर्जन्सी नसताना सायरन आणि फ्लॅशर वापरायचा नाही हे पण त्यातच आहे. म्हणजे रिकामी गाडी घेऊन चहाला जाताना सायरन मारणारे जे आहेत ना, ते बेकायदेशीर तर आहेतच, वर आपल्या सगळ्यांचं नुकसान करतायत, कारण लोकांनी एकदा बघितलं की आत कोणच नव्हतं, तर पुढच्या खऱ्या गाडीला साईड कोण देणार.

समोरच्यानं वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई खाली त्याला १० हजारांचा दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन्ही पण होऊ शकतं. पण तुम्ही सिग्नल तोडताना कुणाला उडवलं तर "पेशंट होता साहेब" हे उत्तर पुरत नाही. काळजी घेतली का, एवढंच बघितलं जातंय. हलगर्जीपणानं कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मालक त्यावेळी फोन उचलत नाही, हे पण लक्षात ठेवा.

चौक

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा हीच. सातारचा पोवई नाका घ्या, कराडचा कोल्हापूर नाका घ्या, सांगलीतला विश्रामबाग चौक घ्या. सरळ रस्त्यावर माणूस तुम्हाला आरशात बघतोय, चौकात आडव्या रस्त्यावरनं येणारा तुम्हाला बघतच नाही, त्याला त्याचा हिरवा सिग्नल दिसतोय बस.

लाल सिग्नल असेल तर काय करायचं ते सांगतो. चौकाच्या आधीच पाय ब्रेकवर आणा, सायरनचा सूर बदला, लांब सूर चालू असेल तर तुटक करा, सूर बदलला की लोकांची मान फिरते. गाडी माणसाच्या चालण्याइतक्या वेगावर आणा, दिसत नसेल तर सरळ उभी करा, हो, पेशंट आत असला तरी. मग एकेक लेन मोकळी करत पुढं सरकायचं. पहिल्या लेनमधला थांबला, त्याची आणि तुमची नजरानजर झाली, मगच त्याच्या पुढनं जायचं. मग दुसरी लेन. पहिला थांबला म्हणजे दुसरा थांबला असं धरून चालायचंच नाही.

मला भीती वाटते ती थांबलेल्या एसटीची. ड्रायव्हर चांगला असतो, तुम्हाला बघून बस उभी करतो, वर हात करून जा म्हणून खूण पण करतो. तुम्हाला वाटतं मोकळं झालं. आणि त्या एसटीच्या पलीकडनं, तिच्या आडोशानं, एक टू-व्हीलर येत असते, त्याला वाटतं बस स्टॉपवर थांबलीय आपण कट मारून पुढं जाऊ. त्याला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला तो दिसत नाही, एसटीच्या ड्रायव्हरला पण आरशात बघितल्याशिवाय दिसत नाही. म्हणून एसटीच्या नाकापाशी आलात की गाडी अक्षरशः पावलानं पुढं काढायची, बोनेट आधी बाहेर जाऊ दे, तुमची नजर पलीकडं पोचू दे, मग क्लच सोडा. शेजारी ईएमटी किंवा हेल्पर बसला असेल तर डावी बाजू त्यानं बघून तोंडानं बोलायचं, "डावीकडं क्लिअर" नाहीतर "थांब, पोरगं आलंय". नुसती मान हलवलेली तुम्हाला दिसत नाही.

आणखी एक. दोन गाड्या पाठोपाठ असतील, मोठ्या अपघाताला दोन-तीन ॲम्ब्युलन्स निघतात तेव्हा, तर पहिली गेली की लोक लगेच गाडी परत रस्त्यात घालतात. त्यांना एकच सायरन ऐकू आलेला असतोय. तुम्ही मागं असाल तर पुढच्याच्या शेपटाला चिकटून चौक पार करू नका, अंतर ठेवा आणि तुमचा सूर त्याच्यापेक्षा वेगळा लावा.

सायरन लांबवर जातच नाही

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं कमी होतो, हे शाळेतलंच गणित आहे. वर समोरच्याच्या काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, तो बहिराच धरा. समजा त्याला तुमचा सायरन ५० मीटरवर ऐकू गेला आणि तुम्ही ७२ नं येताय, म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर त्याच्या हातात अडीच सेकंद आहेत. त्या अडीच सेकंदात त्यानं ऐकायचं, कुठनं येतोय ते ओळखायचं, आरसा बघायचा, डावीकडं जागा शोधायची. होतच नाही. गावातल्या दाट वस्तीत तर आवाज भिंतींवर आपटून भलतीकडनं येतोय असं वाटतं, त्यामुळं माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला वळतो. याला दोष देऊन उपयोग नाही. वेग कमी केला की त्याला जास्त सेकंद मिळतात, एवढाच इलाज आहे.

थांबायचं अंतर पण डोक्यात ठेवा. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धरला, रस्ता कोरडा, टायर चांगले, तर ६० ला साधारण ३७ मीटर, ८० ला ५८, आणि १०० ला ८५ च्या आसपास. ओल्यात ब्रेकचं अंतर दीड-दोन पट झालं म्हणून धरा. आणि हे सगळं साध्या गाडीचं. आपली ट्रॅव्हलर नाहीतर विंगर, उंच टप, आत सिलिंडर, कपाटं, मॉनिटर, माणसं, वजन वर असतंय. अचानक स्टिअरिंग तोडलं तर ती कारसारखी वागत नाही, झोकांडी खाते. कुत्रं आडवं आलं तर सरळ ब्रेक दाबा, वळवू नका. ऐकायला वाईट वाटतं पण उलटलेल्या ॲम्ब्युलन्समधला पेशंट कुत्र्यापेक्षा वाईट अवस्थेत असतोय.

ऊसाचा सीझन

कारखाने चालू झाले की आपल्याकडचे रस्ते बदलतात. कृष्णाकाठ, वाळवा, पलूस, कराड, सगळीकडं डबल ट्रॉल्या. रात्री मागनं गेलं तर दिसतो नुसता काळा ढीग, एखादा रिफ्लेक्टर लावलेला असला तरी वरनं वाढं, म्हणजे ऊसाचे शेंडे, लोंबून तो झाकलेला, टेल लॅम्प नावालाच. तुमच्या डिपरला दिसतोय तेव्हा तीस-चाळीस मीटर उरलेले असतात. म्हणून सीझनमध्ये रात्री लाईटच्या पलीकडं गाडी पळवायची नाही, म्हणजे जेवढं उजेडात दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, तेवढाच वेग.

ट्रॅक्टरवाल्यानं टेप इतक्या मोठ्यानं लावलेला असतोय की तुमचा सायरन त्याच्या गावीच नाही, आरशात बघायचं तर मागं ऊसाची भिंत. त्यामुळं हॉर्न मारत बसू नका, थोडं उजवीकडं सरकून डिपर मारा, म्हणजे त्याच्या आरशात नाहीतर समोरच्या झाडांवर उजेड पडतो, मग त्याला कळतं. तो हात बाहेर काढेल, पण तो हात "जा" म्हणून आहे की "मी वळतोय" म्हणून आहे हे नक्की कळल्याशिवाय बाहेर निघायचं नाही, पाणंदीत वळणारा ट्रॅक्टर हा ओव्हरटेक करणाऱ्याचा काळ आहे. अंतराचा अंदाज देतो. तो २० नं चाललाय, तुम्ही ५० नं, ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-सोळा मीटर तरी लांबी, पुढं-मागं थोडी जागा, सात सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही शंभर मीटर जाताय आणि समोरनं ६० नं येणारा पण शंभराच्या वर येतोय. दोनशे मीटरच्या वर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. नसेल दिसत तर मागं रहा. एक मिनिट गेलं तर गेलं.

कारखान्याच्या गेटाकडं रांगा असतात, बैलगाड्या असतात, बैल सायरनला बुजतात. तिथं सायरन बंद करून नुसता ब्लिंकर ठेवा. सांडलेला ऊस, सांडलेली मळी यावर पाऊस पडला तर चाक धरत नाही.

घाट

खंबाटकीत जुन्या रस्त्यानं पुण्याकडनं येताना घाट, साताऱ्याकडनं जाताना बोगदा, आणि बोगद्यातनं बाहेर पडलं की उतार आणि तिथंच एसच्या आकाराचं वळण. तिथं किती गाड्या पलटी झाल्यात ते या रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. बोगद्याच्या आत असतानाच वेग मोडा, बाहेर येऊन नाही. नव्या बोगद्यामुळं तिथला रस्ता बदललेला असू शकतो, लांबची फेरी असली तर निघताना तिकडनं नुकत्याच आलेल्या कुणालातरी फोन लावून विचारा.

पसरणी, कुंभार्ली, यवतेश्वर, सगळीकडं नियम जुनाच, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. न्यूट्रल करून उतरणारे डिझेल वाचवतात म्हणे. इंजिन बंद पडलं तर ब्रेकची ताकद पण जाते आणि स्टिअरिंग पण जड होतं, हे त्यांना कोण सांगणार. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मागं ईएमटी उभा राहून सलाईन बघत असतो, वळणात ब्रेक मारला की तो कपाटावर आपटतो.

पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडं धुकं असतं तेव्हा हाय बीम लावायचा नाही, समोर पांढरी भिंत उभी राहते. टपावरचे ब्लिंकर पण धुक्यावरनं उलट डोळ्यात येतात. शनिवार-रविवारी पसरणीत पर्यटकांच्या गाड्या इतक्या असतात की साईड द्यायला त्यांच्याकडं जागाच नसते, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथं मागनं सायरननं रेटलं तर घाबरून एखादा भलतीकडं चाक घालतो. मोकळी जागा येईपर्यंत दम धरा.

मागं बसलेल्यांचं कुणी बघत नाही

यावर मी जरा चिडूनच बोलतो. ड्रायव्हरला बेल्ट, मागं सगळे मोकळे. अमेरिकेत १९९२ ते २०११ या वीस वर्षांत ॲम्ब्युलन्सच्या अपघातांत मेलेल्यांमध्ये ड्रायव्हर फक्त ४ टक्के होते, आणि ॲम्ब्युलन्समधले बाकीचे, म्हणजे पेशंट, कर्मचारी, नातेवाईक, २१ टक्के. सगळ्यात जास्त, ६३ टक्के, समोरच्या गाडीतले. म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला सगळ्यात कमी भोगावं लागतं. हे वाचून जरा गप्प बसायला होतं.

म्हणून निघायच्या आधी मागं जाऊन हात लावून बघायचं. स्ट्रेचर रुळात ढकलल्यावर "खट्" असा आवाज आला पाहिजे, आला तरी एकदा मागं ओढून बघा, धुळीनं लॉक अर्धवट बसतो आणि आवाज मात्र होतो. पेशंटला कमरेचा आणि पायाचा पट्टा तर लावतातच, खांद्याचे पट्टे पण लावा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की माणूस पट्ट्याखालनं डोक्याच्या दिशेनं सरकतो. जंबो सिलिंडर मोठ्या माणसाच्या वजनाचा असतो, त्याचा क्लॅम्प सैल असेल तर गाडी हलवूच नका. सक्शन मशीन, ट्रे, फाईली, नातेवाइकांची स्टीलची बरणी, सगळं बांधलेलं किंवा खाली. नातेवाईक मागं एकच, बसलेला, बेल्ट लावलेला. चार जण चढले की दोघांना प्रेमानं खाली उतरवा. ईएमटीला उभं राहून काही करायचं असलं, तर तो ओरडून सांगेल आणि तुम्ही वेग कमी कराल, हे आधीच ठरलेलं असू द्या.

नातेवाईक आणि मागनं येणाऱ्या गाड्या

"मामा, जरा पाय दाबा की ओ." हे वाक्य रोज ऐकायचं आहे. त्याला उलटं बोलू नका, त्याचं माणूस आत आहे. "दादा, बेल्ट लावून बसा, मी थांबायचा नाही, पण आपटायचा पण नाही," एवढं बोलून रस्त्याकडं बघा. जास्तच आरडाओरडा असेल तर पुढं बसवू नका, ईएमटीशेजारी बसवा, पेशंटचा हात हातात दिला की माणूस शांत होतो.

गावाकडनं निघाली की मागं दोन बोलेरो आणि पाच बाइक लागतात. आपल्या सायरनच्या वाटेनं ते पण सिग्नल तोडतात, आणि तुम्ही ब्रेक मारला की मागचा तुमच्या दारात घुसतो. निघतानाच सांगायचं, कुठल्या दवाखान्यात जातोय, तुम्ही सावकाश या. पुढं बाइक घालून रस्ता मोकळा करून देणारी पोरं तर हौसेनं करतात, पण हेल्मेट नाही, मान मागं वळलेली, पहिला तोच उडायचा. हात जोडून थांबवा.

झोप

बारा तासांची ड्युटी, वर ओव्हरटाईम. रात्री दोन ते पाच ही सगळ्यात वाईट वेळ, शरीरच झोपायला बघतं. ८० ला असताना तीन सेकंद डोळा लागला की गाडी ६५ मीटरच्या वर आंधळी गेली. आणि धोका जाताना कमी, येताना जास्त. पेशंट पोचवला, अंगातला ताण उतरला, सायरन बंद, रिकामी गाडी, पोटात पुण्यातली मिसळ. सातारा-पुणे ११० किलोमीटर, येताना वाटेत आनेवाडी टोलपर्यंत डोळे कधी मिटले ते कळत नाही. चहानं भागत नाही. ढाब्यावर उजेडात गाडी लावा, मोबाईलला गजर लावा, वीस मिनिटं डोळे मिटा. कंट्रोलला नाहीतर मालकाला सांगून करा.

पुण्या-मुंबईहून रात्रीत बॉडी गावाकडं आणायची फेरी असते ती तर नवीन पोराला एकट्याला देऊच नये, दुसरा ड्रायव्हर मागून घ्या. तिथं कुणाचा जीव वाचायचा नसतो, तरी सकाळच्या अंत्यविधीच्या घाईनं माणसं पहाटे शंभरनं पळवायला लावतात. वेळ पुढं ढकला म्हणायचं.

गाडी बघून घ्या

ड्युटी बदलताना पाच मिनिटं. टायरची हवा आणि घासलेली कड, पुढं रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवा थर चढवलेला, टायर असला तर सही करायच्या आधी वहीत लिहा. ब्रेक ऑईल, वायपर, सगळे लाईट, मागचे आधी. स्टेपनी आहे का आणि तिच्यात हवा आहे का, जॅक आहे का. रिव्हर्स घेताना बोळात एक माणूस खाली उभा करा, तो आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की थांबायचं. छोट्या-छोट्या ठोकी सगळ्यात जास्त रिव्हर्सलाच होतात.

हायवेवर थांबताना

अपघाताच्या ठिकाणी गेल्यावर दुसरा अपघात तुमच्याच गाडीला व्हायची शक्यता असते, पुणे-बंगळूर हायवेवर ट्रकवाला ब्लिंकरकडं बघत-बघत सरळ त्यातच येतो. पोलिसांची नाहीतर क्रेनची मोठी गाडी मागं आडवी उभी असेल तर तुम्ही अपघाताच्या पुढं जाऊन लावा, म्हणजे मागचं दार अपघाताकडं येतं आणि स्ट्रेचर ट्रॅफिकमधनं न्यावं लागत नाही. कुणीच आलेलं नसेल तर तुमची गाडीच अलीकडं आड लावावी लागते, तेव्हा पुढची चाकं माणसांच्या उलट बाजूला वळवून ठेवा, मागनं धडक बसली तर गाडी त्यांच्यावर जायची नाही. धोक्याचा लाल त्रिकोण बराच मागं ठेवा, दहा पावलांवर ठेवून काही होत नाही. जॅकेट घालूनच उतरा. रात्री हेडलाईट डिम करा, नाहीतर समोरनं येणाऱ्याला तुम्ही सोडून काहीच दिसत नाही, रस्त्यावर वाकलेला ईएमटी पण नाही.

पालिकेच्या बंबावर असणाऱ्यांना एकच सांगतो, टाकी पूर्ण भरलेली बरी किंवा पूर्ण रिकामी बरी. अर्धी असली की वळणात पाणी एका बाजूला लोटतं आणि चाकं उचलतात. साडेचार हजार लिटर म्हणजे साडेचार टन नुसतं पाणी आहे. आगीवरनं परत येताना टाकी अर्धीच असते, आणि तेव्हाच पोरं निवांत असतात.

बाकीच्या गाडीवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर, मागं सायरन दिसला की जागच्या जागी ब्रेक मारू नका. डावा इंडिकेटर, हळू, डावीकडं, मग उभं रहा. आम्ही गेलो की लगेच आमच्या मागं लागू नका, मागं आरशात दुसरी आहे का बघा.

ठोकलीच तर

इंजिन बंद, ऑक्सिजनचा कॉक बंद, मागं जाऊन पेशंट आणि ईएमटी बघा. लगेच १०८ ला नाहीतर ११२ ला फोन, आपली गाडी चालतेय असं वाटलं तरी दुसरी गाडी मागवा, कारण चाक वाकलंय का, ब्रेकची लाईन तुटलीय का ते तिथं अंधारात कळत नाही. समोरच्याला लागलं असेल तर तो पण पेशंटच आहे, ईएमटीला सांगा. गर्दी जमून वाद घालायला लागली तर वादात पडू नका, नंबर आणि फोटो घ्या, पोलीस येईपर्यंत एकानं पेशंटपाशी आणि एकानं मागच्या ट्रॅफिकला बॅटरी दाखवत उभं रहायचं.